आक्काची चाळण

शहरातलं सगळ्यात जुनं वर्तमानपत्र एका मंगळवारी छापायचं थांबलं आणि बुधवारपासून फक्त पडद्यावर दिसू लागलं. ‘दिसू लागलं’ हे आपलं म्हणायचं. साइट उघडली की आधी एक खिडकी टपकायची, “आमच्या सूचना हव्यात का?” तिला नको म्हटलं की तिची बहीण यायची, “नक्की नको?” तिला हाकलावं तर खालून एक पट्टी वर चढायची, वरून दुसरी खाली उतरायची, आणि दोन्हींच्या फटीत एक माणूस कुणी न विचारता बोलायला लागायचा. टक्कल, गुडघे आणि गाद्या ह्या तीन विषयांवर त्याचा दांडगा अभ्यास होता. बातमी ह्या सगळ्याच्या खाली कुठेतरी असते, असं जाणकार सांगत. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती म्हणे, पण त्यांच्यावर त्यांच्या बायकोचाही विश्वास नव्हता.

ह्याच वर्तमानपत्रात खिळेमामांनी बेचाळीस वर्षं काढली होती. खिळेमामा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी ते छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, हाताने जुळवून ओळी करायचे. पुढे शिसं गेलं, संगणक आला, मामा त्यावर पानं लावायला लागले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. पान लावताना त्यांचा नियम एकच: वाचणाऱ्याचा डोळा कुठे ठेचकाळता कामा नये. एकदा एका मंत्र्याचा फोटो मजकुरात घुसत होता, तर मामांनी मंत्र्याचा खांदाच उडवला. मंत्र्याचा माणूस तणतणत आला. मामा म्हणाले, “खांदा कुणी वाचत नाही.”

आणि आता त्याच वर्तमानपत्राचं पडद्यावरचं रूप कोण ठरवणार, तर त्यांचा सख्खा भाचा. घरात त्याला ठिपक्या म्हणत. लहानपणी वहीवर, भिंतीवर, एकदा तर झोपलेल्या पाहुण्याच्या टकलावर शाईचा ठिपका काढायची त्याला खोड होती. चाळिशी आली तरी खोड गेली नव्हती, आता फक्त तिचा पगार मिळत होता. साइटवर जिथे तिथे लाल ठिपका लुकलुकायचा, आणि ठिपका दिसला की माणूस बोट लावतोच, असं ठिपक्याचं शास्त्र होतं. ऑफिसात त्याच्या दारावर पाटी होती, ‘मुख्य अनुभव अधिकारी’. मामा एकदा ती वाचून आले आणि म्हणाले, “बरोबर आहे. अनुभव वाचकाला, अधिकार ह्याला.”

ठिपक्याची आई म्हणजे मामांची थोरली बहीण, आक्का. वय एकोणऐंशी. एकाच जिन्यावर ती खाली राहायची, मामा वर. साठ वर्षं तिने रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचलं होतं आणि मग दिवसभर त्याच्याशी कडाकडा भांडली होती. औषधं डॉक्टर देत, पण आक्का जगत होती ती ह्या भांडणावर. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने कुरतडत आणली होती. मधोमध कपाच्या तोंडाएवढं वर्तुळ तेवढं लख्ख उरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, “अक्षर मोठं असलं आणि जागच्या जागी उभं राहिलं, तर अजून पाच-सात वर्षं खुशाल वाचाल.”

अक्षर जागच्या जागी उभं राहिलं तर!

साइट सुरू होऊन दोन महिने झाले असतील. मामा सकाळी खाली आले आणि म्हणाले, “आक्का, बघितलंस? मागचा रस्ता परत खणला.”

“हो, वाचलं.”

“मग?”

“मग काय? चांगलं आहे.”

मामांनी हातातला कप खाली ठेवला. आक्काच्या तोंडून ‘चांगलं आहे’ हे शब्द त्यांनी याआधी एकदाच ऐकले होते, आणि तेव्हा तिला एकशेचार ताप होता. ते उठून तिच्या मागे गेले आणि लॅपटॉपात डोकावले. पडद्यावर एकच चौकट होती: ‘तुम्ही यंत्र नाही ना? खूण करा.’

“आक्का, हे काय?”

“विचारतायत.”

“कधीपासून?”

“आज नववा दिवस. मी उत्तर देणार नाही. एकोणऐंशी वर्षं माणूस म्हणून काढली, आता ह्या पोरांकडून दाखला घेऊ?” मग तिचा आवाज खाली आला. “आणि देऊन तरी काय, खिळ्या? त्याच्या आधीही मला काही दिसत नव्हतं. सगळं हलतं. एक ओळ धरावी तर ती पळते. डोळे संपले माझे. ठिपक्याला मात्र बोलू नकोस. रविवारी येतो, विचारतो, आई, कशी वाटते साइट? मी म्हणते, छान आहे रे. तेवढंच त्याला बरं वाटतं.”

मामा वर गेले, चपला घातल्या आणि तडक कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे पोचले.

दुरुस्तीवालीचं दुकान म्हणजे संगणकांचं शवागार. भिंतीला उघडी पडलेली यंत्रं टेकलेली, फुटक्या कपात स्क्रू आणि सगळीकडे तारा जोडायच्या डाखाचा वास. बाई पस्तिशीची, डोळ्यावर भिंग चढवलेली आणि माणसांपेक्षा यंत्रांवर जास्त माया असलेली.

“बाई, एक वर्तमानपत्र दुरुस्त करायचंय,” मामा म्हणाले.

“बिघडलंय काय त्यात?”

“माझा भाचा.”

बाईने भिंग वर सरकवलं, सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या यंत्रावर ती साइट उघडली. “हे बघा, मामा. पान तिकडून निघतं ते सगळ्या उकिरड्यासकट तुमच्या घरी येतं. पण घरात आलं की ते तुमचं. त्यातल्या प्रत्येक चौकटीला आतून एक नाव असतं. ही जाहिरातीची चौकट, ही त्या बडबड्याची, ही खिडकी. आपण चार ओळी लिहून ब्राउझरला सांगायचं, अमक्या नावाची चौकट मांडू नकोस, तमक्या नावाची मोठी कर. ह्या ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. पान उघडलं की ती आपोआप चालते.”

“म्हणजे त्यांनी लावलेलं पान मी माझ्या घरात पुन्हा लावायचं?”

“तेच.”

“आणि ते काय करतील?”

“काय करतील? घरात घुसून तुमची काच पुसतील?”

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेताना जे हसू आलं नव्हतं ते आता मामांच्या तोंडावर आलं.

त्या दिवसापासून मामा दोन बोटांनी स्क्रिप्ट लिहायला बसले. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या आणि ‘सूचना हव्यात का’वाली खिडकी बहिणीसकट गडप झाली. एखादं चिन्ह चुकलं तर सगळंच ठप्प व्हायचं, आणि मामांना ते फार आवडायचं. “बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा असा कुणी भेटला, जो चूक झाल्यावर पुढे जायला नकार देतो,” ते बाईला म्हणाले. “आमचे संपादक असे असते तर?” मग ‘तुम्ही यंत्र नाही ना?’वाली चौकट गेली, बडबड्या गेला. गाद्या गेल्या. लुकलुकणारे ठिपके निघाले ते दोनशे सतरा. ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ असं म्हणणारा एक पट्टाच्या पट्टा होता. त्याखालच्या सगळ्या बातम्या मामांनी एकदा इमानेइतबारे वाचल्या. एकदाही थक्क झाले नाहीत. पट्टा कापला.

राहिलं ते पान लावायचं काम, आणि त्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी रिकामा कप घेतला, त्याचं तोंड पडद्याला टेकवलं आणि आक्काला विचारलं, “ह्याच्या आतलं सगळं दिसतं?” “दिसतं.” बस्स! स्तंभाची रुंदी कपाएवढी ठरली. एका ओळीत चार-पाच शब्द, अक्षर टपोरं, मागे सायीसारखा रंग. एका बातमीखाली दुसरी, आणि काहीही हलायचं नाही. हलेल तो गेला.

पंधराव्या दिवशी चारशे अकरा ओळींची स्क्रिप्ट तयार झाली. मामांनी तिला नाव दिलं ‘चाळण’ आणि डोक्यावर टीप लिहिली: ‘ही चाळण आक्कासाठी. कुणी वाकडंतिकडं केल्यास कान उपटला जाईल. – खिळे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का लॅपटॉपसमोर बसली. मामा खिडकीशी उभं राहून आपलं तिकडे लक्षच नसल्यासारखं करत होते. आक्काचं बोट पडद्यावर टेकलं आणि ओळीखालून हळूहळू सरकायला लागलं. पहिली बातमी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

“खिळ्या.”

“काय गं?”

“‘रस्त्यांच्या कामाला वेग’ असं छापलंय. हे लिहिणाऱ्या माणसाने रस्ता कधी डोळ्यांनी बघितलाय का रे?”

मामांनी खिडकीचा गज घट्ट धरला. “नसेल.”

“आणि हा अग्रलेख. सहा परिच्छेद, आणि म्हणतो काय, तर ‘येणारा काळच ठरवेल’. अरे मग तू कशाला बसलायस खुर्चीत? काळालाच बसव!” आक्का टेचात मागे रेलली. “मला आपलं वाटायचं, जाहिराती बातम्यांच्या अंगावर पडल्यात. तसं नाही रे. त्या बिचाऱ्या ह्यांची लाज झाकत होत्या.”

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत भांडत होती. खालच्या मजल्यावरून आवाज आला नाही असं एक मिनिट गेलं नाही. रविवारी ठिपक्या आला, तर तिने त्याला चपला काढायच्या आधी अग्रलेखावरून धरला. ठिपक्या खूश. मामांना कोपराने ढोसून म्हणाला, “बघितलंस मामा, आई किती वाचायला लागली? उगाच नावं ठेवत होतास. डिझाइन म्हणतात ते हे!”

मामांनी कढत चहाचा एवढा मोठा घोट घेतला की पुढचे दोन दिवस त्यांना चव कळत नव्हती.

चाळण कानोकान पसरली. दुरुस्तीवाली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्रात ती घालून द्यायची, आणि मामांनी वर काही बदललं की सगळ्यांकडची चाळण आपोआप बदलायची. दातांच्या डॉक्टरने वेटिंग रूममधल्या यंत्रात घातली, तर लोक दात दुखायचा थांबला तरी उठेनात. शेवटी एकाने बातमी संपेपर्यंत बसायला मिळावं म्हणून एक चांगला दात काढून घेतला, असं त्या गल्लीत अजून सांगतात.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पुढे, आणि तसा घोटाळा करायला मुख्य अनुभव अधिकारीच लागतो.

झालं असं की वर्तमानपत्राच्या ऑफिसातली यंत्रं बघायचं काम दुरुस्तीवालीकडेच होतं. तिथल्या लोकांची तक्रार होती, यंत्रं कूर्मगतीने चालतात. बाईने बघितलं, तर यंत्रं धडधाकट होती. त्यांच्या उरावर बसली होती ती त्यांचीच साइट. बाईने एका दुपारी सगळ्याच्या सगळ्या त्रेसष्ट यंत्रांत चाळण घातली आणि निघून गेली. यंत्रं हरणासारखी पळायला लागली. ऑफिसने बाईला कौतुकाचं पत्र दिलं. यंत्रं कशाने पळतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता नेमकं त्याच वेळी मालकांच्या मनात आलं की साइटचं रूप बदलावं. मालकांना वर्तमानपत्र वारशाने मिळालं होतं, काहींना टक्कल मिळतं तसं. ते म्हणाले, “नवी साइट करा. भरगच्च करा. वाचक आला की परत जाता कामा नये.”

ठिपक्याच्या हाताखाली बारा कलाकार होते. ते एका काचेच्या खोलीत मऊ पोत्यांवर लोळून विचार करत. त्यांनी नवं पान मांडलं, वर जाहिरात ठेवली आणि आपल्या यंत्रावर उघडून पाहिलं. सायीसारखा रंग, टपोरं अक्षर, मधोमध सुबक स्तंभ. जाहिरात कुठेच नाही.

“फारच सौम्य झाली,” एक कलाकार म्हणाला. “डोळ्यात भरत नाही.”

“मोठी करा,” ठिपक्या म्हणाला.

मोठी केली. तरी डोळ्यात भरेना. मग दोन घातल्या. मग हलणाऱ्या घातल्या, मग बोलणाऱ्या. चाळण इमानदारीने एकेक गिळत होती आणि पान तसंच सोज्वळ दिसत होतं. ठिपक्या लांबून मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, “बघा, केवढं पचवतंय! अजून जागा आहे.” ह्याला ते ‘श्वास घेणारं डिझाइन’ म्हणायला लागले. तळमजल्यावर कोड लिहिणाऱ्या दोघा-तिघांना संशय आला होता, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ज्याने चूक दाखवली त्याच्याच गळ्यात ती निस्तरायचं काम, ही त्या ऑफिसची जुनी रीत. आणि घरी जाऊन आपली साइट आपल्या फोनवर उघडून पाहावी, इतकं त्या बाराजणांपैकी कुणाचंच तिच्यावर प्रेम नव्हतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं; फरक एवढाच की आंधळ्याला वाटत होतं, पीठ फारच बारीक पडतंय.

अनावरणाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मोठ्या सभागृहात सगळे जमले. भिंतीएवढा पडदा. मालकांसाठी त्याच दिवशी नवाकोरा लॅपटॉप आला होता, खोक्यातून नुकताच काढलेला. चाळण त्याला शिवलीही नव्हती. ठिपक्याने दोन शब्द सांगितले, त्यात ‘श्वास’ सात वेळा आला. मालकांनी बटण दाबलं.

पहिल्यांदा सतरा खिडक्या एकदम उघडल्या. मग चार माणसं चार दिशांनी बोलायला लागली. एक गादी उजवीकडून डावीकडे गेली आणि जाताना मालकांच्या संदेशावर पसरली. मालकांनी ती बंद करायला फुलीवर बोट नेलं, तर फुली पळाली. मालक तिच्या मागे लागले. फुली पडद्याच्या कोपऱ्यात सापडली तेव्हा त्यांनी ती दाबली, आणि त्यांच्याच फोटोवर टकलाच्या औषधाची चौकट अलगद येऊन बसली. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला की टेबलावरचे कागद उडाले आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी गळपट्टे आत खोचले. तेराव्या मिनिटाला तळाशी पहिली बातमी दिसली. ती परवाची होती.

मालक ठिपक्याकडे वळले.

“हे,” मालक म्हणाले, “श्वास घेतंय?”

“सर, यंत्रात बिघाड आहे,” ठिपक्या घामाघूम होऊन म्हणाला. “आमच्याकडे असं दिसत नाही.”

दुरुस्तीवालीला बोलावलं. ती आली, एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मालकांकडे. “बिघाड नाही. ह्यात चाळण घातलेली नाही.”

“कसली चाळण?”

“तुमच्या सगळ्या यंत्रांत आहे ती. तुमची साइट वाचता यावी म्हणून.”

मग तिने ती सगळ्यांसमोर उघडून दाखवली. भिंतीएवढ्या पडद्यावर मामांची टीप उमटली, अक्षरं वीत-वीतभर. ‘ही चाळण आक्कासाठी. कुणी वाकडंतिकडं केल्यास कान उपटला जाईल.’ ठिपक्याचा हात आपोआप कानाकडे गेला. तो कान ही टीप लिहिणाऱ्या हाताने लहानपणी पुष्कळदा उपटला होता.

मालक त्याला केबिनमध्ये घेऊन गेले. “हा जो कुणी खिळे आहे, त्याची चाळण बंद पडली पाहिजे. ती चौकटींची नावं ओळखते ना? मग रोज सकाळी सगळी नावं बदला. रोज! उद्यापासून. नाही जमलं तर परवापासून दुसरा कुणी बदलेल.”

संध्याकाळी पाचाच्या सुमारास ठिपक्या आईच्या घरी आला. जिन्यातच मामा भेटले.

“मामा, तू हे काय करून ठेवलंस?”

“तू करून ठेवलंस ते काढलं. आणखी काय?”

“उद्यापासून तुझी चाळण बंद पाडली नाही तर माझी नोकरी जाईल! चारशे अकरा ओळी लिहिल्यास माझ्याविरुद्ध, सख्ख्या भाच्याविरुद्ध!”

“चारशे अकरा तुझ्याविरुद्ध कशाला लागतील? तुला दोन ओळी पुरल्या असत्या.” मामांनी जिन्याचा कठडा थोपटला. “उद्या चाळण बंद पडणार ना? पाड. पण मला नको सांगूस. ज्या बाईसाठी केली तिला जाऊन सांग.”

“कुणासाठी? आईला काय गरज? आई तर सुरुवातीपासून...”

“आत जा आणि बघ.”

ठिपक्या आत गेला. आक्का पाठमोरी बसली होती. पडद्यावर सायीच्या रंगावर एकच स्तंभ, कपाएवढा, आणि त्यात आक्काचं बोट ओळीखालून मुंगीच्या चालीने सरकत होतं. ओठ हलत होते. ठिपक्या दारातच थांबला. बोट पाच ओळी उतरेपर्यंत तो तसाच उभा होता. शास्त्रानुसार माणूस जिथे बोट लावतो तिथे लाल ठिपका असतो. इथे नव्हता.

“आई, तू माझी साइट वाचायचीस ना? मी विचारायचो तेव्हा?”

आक्काने बोट ओळीवरून हलवलं नाही. जागा गेली की शोधायला त्रास पडतो. “छान आहे म्हणायचे ना मी?”

“दिसायचं तुला?”

“नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? मला वाटलं, माझेच डोळे गेले. ते गेले नव्हते रे. तुझ्या कचऱ्याखाली होते.”

ठिपक्या खुर्चीवर बसला. बराच वेळ तो हाताच्या नखाने टेबलावर ठिपके काढत राहिला. मग म्हणाला, “उद्यापासून हे बंद होईल, आई. मालकांचा हुकूम आहे. चौकटींची नावं बदलायची, रोज सकाळी. मामाची चाळण मग काही ओळखणार नाही.”

“उद्यापासून?”

“हो.”

“मग गप्प बस. आज सगळं वाचून घेते.” आणि तिचं बोट पुढे सरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामांनी वरच्या खोलीत साइट उघडली. ठिपक्याने शब्द पाळला होता. सतराच्या सतरा खिडक्या धडाधड अंगावर आल्या, बडबड्या गुडघ्यांवर सुरू झाला, गादी पसरली. चाळण मुकाट बसली होती, तिला एकही नाव ओळखीचं नव्हतं. मामांनी चष्मा पुसला. चौकटी सातशेच्या घरात. नावं म्हणजे आता मांजर चालून गेल्यासारखी अक्षरं असणार. एकेक ताडून बघायची तर दुपार होणार, आणि उद्या परत पहिल्यापासून. आक्का आठला उठून बसते.

त्यांनी पानाचं पोट उघडलं.

पहिल्या चौकटीचं नाव होतं, ‘मामा-हे-काढ’.

मामांनी चष्मा परत पुसला. दुसरी: ‘हेही-काढ’. तिसरी: ‘बडबड्या’. चौथी: ‘गादी-लहान’. पाचवी: ‘गादी-मोठी-हिला-आधी-हाण’. सगळी आपल्याच भाषेत, उघड्यावर, रांगेत. खिडक्यांची नावं ‘थोरली-बहीण’, ‘मधली-बहीण’ अशी लावलेली. संपादकांच्या मेहुण्याच्या सदराचं नाव ‘मेहुणा’ एवढंच. खऱ्या बातम्यांच्या चौकटींना मात्र एकच नाव होतं: ‘आईसाठी’.

मामांनी नाक ओढलं, म्हणाले, “गाढव, हे दोन महिने आधी सुचलं नाही,” आणि बोटं चालवायला घेतली. नावंच इतकी बोलकी होती की वीस मिनिटांत काम झालं. आक्का उठून बसली तेव्हा पान सायीसारखं तयार होतं.

तेव्हापासून रोज सकाळी नावं बदलतात आणि रोज सकाळी चाळण बदलते. ‘काल-गादी-राहिली-होती-म्हातारा-झालास’ असं एखाद्या चौकटीवर असतं, आणि मामा त्या दिवशी वरच्या टिपेत उत्तर लिहितात. मालक आठवड्याला विचारतात, “नावं बदलता ना रोज?” ठिपक्या म्हणतो, “रोज, सर. एकही चुकवत नाही.” मालक समाधानाने मान हलवतात. पंधरा दिवसांनी त्यांनी दुरुस्तीवालीला एकटीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, “बाई, ते माझ्या नव्या लॅपटॉपचं पण जरा बघा ना.”

परवा मालकांनी एक लेख लिहिला. विषय त्यांची स्वतःची दूरदृष्टी. तीन हजार शब्द, वर चार फोटो, चारही त्यांचेच. मामांनी सकाळी पानाचं पोट उघडलं तेव्हा तो सगळ्यात वर होता. आता ह्याला ठिपक्याने काय म्हटलंय बघू, म्हणून ते वाकले.

चौकटीचं नाव होतं, ‘आईला-भांडायला’.

मामांनी चारही फोटो उडवले, खांद्यांसकट. लेख तसाच ठेवला, पहिल्या जागी, नेहमीपेक्षा अक्षर जरा मोठं करून. मग लॅपटॉप मिटला आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात असतानाच खालून आवाज आला,

“खिळ्या! खाली ये! कोण रे हा गाढव?”